आठळ्यांच्या तीन मेलेल्या गोणी

“दत्ताभाऊ, तुमचा माल मेलेला आहे,” अनघा मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

रसायनीतल्या त्यांच्या लॅबच्या बाहेरच्या खोलीत मी बसलो होतो. अजून चहाही आला नव्हता. कागदावर शेरा होता, रिजेक्टेड. खाली कारण. अ‍ॅक्टिव्हिटी कमी, माल जुना किंवा भेसळीचा असण्याची शक्यता.

नुसतं जुना लिहिलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. भेसळ हा शब्द मी कुणाकडून ऐकून घेत नाही. कर्जत स्टेशनबाहेर पाटीत करवंदं-जांभळं विकण्यापासून मी सुरुवात केली. आज खालापूरला माझी शेड आहे. बिया, साली, मुळ्या गोळा करतो, वाळवून निवडून औषध कंपन्यांना आणि लॅबना देतो. दराच्या घासाघिशीत मी समोरच्याला घाम फोडतो, हे खरं आहे. पण एका मालात दुसरा कधी मिसळला नाही.

“मॅडम, तेवढा शब्द खोडा.” आवाज मोठा निघाला असणार, कारण आतल्या दोन मुली दारात येऊन बघायला लागल्या.

“ओरडून लेक्टिन जिवंत होत नाही हो,” मॅडम म्हणाल्या.

लेक्टिन हा शब्द मी तीन वर्षं ऐकत होतो. त्यांना आठळ्या, म्हणजे फणसाच्या बिया, त्याच्यासाठीच लागायच्या एवढं ठाऊक होतं. ते काय असतं हे पहिल्या वर्षी मी त्यांच्या पर्चेसच्या साहेबांना विचारलं होतं. त्यांनी मान वर न करता सांगितलं, “तुम्हाला नाही कळणार. तुम्ही माल द्या.” ते माझ्या मनात सलत राहिलं आहे. त्यांच्या कागदांवर माझं नावसुद्धा नसतं. व्हेंडर, आणि पुढे एक नंबर.

“खोडायचं नसेल तर समजावून सांगा,” मी म्हणालो. “दहावी पास आहे, बहिरा नाही.”

मॅडमनी समजावलं. त्यांच्याबद्दल एक गोष्ट चांगली आहे, त्या चिडल्या तरी सांगायचं टाळत नाहीत. आपल्या कातडीत, नाकात, फुप्फुसात मास्ट सेल नावाच्या पेशी असतात. त्या राखणदार. त्यांच्या पोटात बारीक दाणे भरलेले असतात आणि त्यांत हिस्टामिन असतं. शत्रू आला असं वाटलं की राखणदार ते दाणे बाहेर ओततो. मग खाज, शिंका, सूज. नको त्या वेळी ओतले की त्याला आपण अ‍ॅलर्जी म्हणतो. आता या पेशींच्या अंगावर साखरेच्या साखळ्या असतात, आणि लेक्टिन या प्रोटीनचं कामच मुळी साखर पकडणं. फणसाचं लेक्टिन त्या साखळ्या धरून ओढतं. राखणदाराला वाटतं, शत्रू आला.

“म्हणजे खोटी हाक मारून उठवायचं?”

“बरोबर. आणि मग औषध घालून बघायचं, तो गप्प बसतो का. काही झाडांची लेक्टिनं उलट सूज कमी करतात असंही दिसतं, त्याचं काम वेगळं चालू आहे. पण तुमच्या मालानं राखणदार उठतच नाही. मग गप्प कुणाला बसवू?”

“मेलं कशानं?”

“बहुतेक उष्णतेनं. प्रोटीन शिजलं की पकड सुटते. उकडलेलं अंडं परत पातळ होतं का?”

माझ्या आठ लहान गोणी होत्या. सगळ्यांतून मूठमूठ घेऊन एकच नमुना केला होता. मी म्हटलं, गोणीगणिक तपासा.

“आठ टेस्ट? वेळ कुठे आहे?”

“फणसाचा हंगाम संपला. पुढच्या आठळ्या पुढच्या उन्हाळ्यात. तुम्ही बाहेरून तयार पावडर मागवाल आणि माझ्यासाठी गावोगावी आठळ्या गोळा करणाऱ्या बायकांचं काम कायमचं जाईल.”

“चार करते.”

“आठ. माझ्यासमोर. आणि तोवर हा कागद फाइलला लावायचा नाही.”

“तुमच्याबरोबर बाजारात जायची सोय नाही,” मॅडम म्हणाल्या. “परवा या.”

परवा गेलो. टेस्ट साधी होती, डोळ्यांनी दिसणारी. प्लास्टिकच्या ताटलीत बारीक वाट्या, एका गोणीची एक ओळ. त्यांत रक्तातल्या लाल पेशी आणि आठळीचा अर्क. लेक्टिन जिवंत असेल तर ते पेशींना एकमेकींना बांधतं आणि वाटीच्या तळावर पातळ चादर पसरते. मेलेलं असेल तर पेशी घसरून मधोमध गोळा होतात, कुंकवाच्या टिकलीसारख्या. तासभर थांबलो. पाच ओळींत चादर. तीन ओळींत टिकली.

प्रत्येक गावाच्या गोणीचं तोंड मी वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं शिवतो. टिकलीवाल्या तिन्ही गोणी पिवळ्या दोऱ्याच्या होत्या. वनिताकाकीच्या. मी त्यांतली एक आठळी उचलली आणि दाताखाली धरली. दगडासारखी कडक. आणि खारट.

मला सगळं कळलं. माझ्या मालात काही मिसळलं नाही असं दोन दिवसांपूर्वी ओरडलो होतो, आणि त्यात मीठ होतं.

“काही लक्षात आलं?” मॅडमनी विचारलं.

“शोधतो,” मी म्हणालो. काकीचं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर तिचं गाव यादीतून गेलं असतं. मी पाटी घेऊन फिरायचो तेव्हा करवंदं तिच्या रानातली असायची आणि दुपारची भाकरी तिच्या चुलीवरची.

तरीही भिवपुरीच्या पुढे तिच्या गावाला पोहोचेपर्यंत माझं डोकं तापलेलंच होतं. काकी अंगणात सूप घेऊन बसली होती.

“काकी, आठळ्या उकडल्यास?”

“उकडल्या. मीठ घालून. का रं?”

“आच लावू नको म्हणून सांगितलं होतं ना?”

“भाजू नको म्हनालास. उकडू नको कवा म्हनालास?”

मी आठवून पाहिलं. तसंच म्हणालो होतो.

“पण उकडायच्या कशाला?”

“गेल्या साली दोन गोनींना बुरशी आली, तवा हितंच उभा राहून किती ओरडलास. समद्या आळीनं ऐकलं. म्हनलं, औंदा तुला कुनासमोर खाली बघाया लागू नये. घरात पावसाळ्याला ठेवतो तशा करून, खडखडीत वाळवून दिल्या. सरपन माझं, मीठ माझं. आनि तूच म्हनालास, काकी, औंदा माल एक नंबर.”

तेही म्हणालो होतो.

“अगं, त्या कशाला लागतात ते तरी विचारायचंस.”

“इचारलं व्हतं की. तू म्हनालास, काकी, तुला नाय कळायचं.”

मी ओटीवर बसलो. काकीनं सूप बाजूला ठेवलं.

“आता सांग,” ती म्हणाली. “बगू कळतंय का.”

मी सांगितलं. राखणदार, साखर, खोटी हाक, टिकली आणि चादर. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजे झोपलेला कुत्रा उठतोय का बगाया खडा मारायचा,” ती म्हणाली. “आनि मी खडाच शिजवला.”

मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. त्याच वेळी मी बाकीचंही सांगितलं, काकीच्या नावासकट, पण आधी तिचं गाव यादीत राहील हे कबूल करून घेतलं. पाच गोणी पास झाल्या. भेसळ हा शब्द माझ्यासमोर खोडला गेला. उरलेल्या तीन गोणीही खपवायचा मी प्रयत्न केला. मेलेलं लेक्टिनही तुलनेला लागतं, त्याला कंट्रोल म्हणतात, हे तोवर मला कळलं होतं.

“ते आम्ही इथे दहा मिनिटांत उकळून करतो,” मॅडम म्हणाल्या.

“काकीच्या हाताची सर येणार नाही.”

“मग खाऊनच बघते.”

खरंच आल्या. काकीच्या अंगणात बायकांना गोळा करून त्यांनी ताटली दाखवली. काकीनं प्रत्येक वाटी निरखली आणि शेजारणीला समजावलं, मॅडमपेक्षा सोपं करून. मग सुकट घातलेल्या आठळ्यांच्या कालवणाबरोबर मॅडम दोन भाकऱ्या जेवल्या. तीन गोणी गावाला पावसाळाभर पुरल्या.

यंदा पिवळ्या दोऱ्याच्या सगळ्या गोणींत चादर पसरली. आता बायका फणस फोडायला बसायच्या आधी मी प्रत्येक गावात तासभर घालवतो आणि माल कशासाठी जातो ते सांगतो. काय करू नका याची यादी कितीही लांब केली तरी एखादी गोष्ट राहतेच. कशाला हवंय ते सांगितलं की उरलेलं बायका स्वतः ठरवतात.

कंपनीच्या कागदावर मी अजून व्हेंडर आणि नंबरच आहे. ते भांडण मी सोडलेलं नाही. पण परवा काकीनं विचारलं, “तुजं नाव लिवत नाय म्हनून कुरकुरतोस, माजं तू कुठं लिवलंस रं?”

गोणीवर दोऱ्याबरोबर आता चिठ्ठी असते. वनिताकाकी, मराठीत, मोठ्या अक्षरात.