बंबातली वांगी

मैत्रिणींनो, आज माझा नुसता जळफळाट झालाय, म्हणून लिहितेय.

रात्रीच्या जेवणाला मी वांगी, कांदे, गाजरं, ढोबळी मिरची असं सगळं ओव्हनमध्ये भाजून मोठं पातेलंभर सॅलड केलं. दोन तास राबले. माझी धाकटी बहीण शकू माळशिरसहून आलीय. तिनं चव बघून वरून मूठभर शेंगा चटणी भुरभुरली, लिंबू पिळलं. झालं. सगळे म्हणाले, मावशीच्या हाताला काय चव आहे.

हे आजचं नाही. सत्तरच्या दशकात सोलापूरच्या आमच्या घरी आंघोळीचं पाणी बंबात तापायचं आणि त्याच्या निखाऱ्यांत आम्ही भरतासाठी वांगी भाजायचो. शकूची लोण्यासारखी व्हायची. माझी बाहेरून कोळसा, आतून कच्ची. आमचे वडील, आप्पा, कायम तिचंच कौतुक करायचे. एकदा मी रागानं तिच्या वांग्यांवर तांब्याभर पाणी ओतलं. बंब विझला म्हणून आप्पा तिलाच ओरडले आणि मी गप्प राहिले.

आज भांडी आवरताना म्हटलं, "शकू, तुला एक सांगायचंय."

ती हसली. "बंबात पाणी तू वतलंस, त्येच की? मला तवाच ठाव होतं."

"मग आप्पांना का नाही सांगितलंस?"

"तुला मार बसला असता की, अक्का."

खरं तर माझे डोळे भरायला हवे होते. पण मनात आलं, चांगुलपणातही हीच माझ्या पुढं?

तुमच्याकडं आहे का हो अशी बहीण, जिचा धड रागही करता येत नाही?