झाकण उचललं म्हणून

माझ्यासमोर वरणाचं अख्खं पातेलं मोरीत ओतलं. पन्नास माणसांचं वरण. घट्ट, पिवळं, हिंगाचा वास सुटलेलं. ओतणाऱ्या काकू मंडळाच्या सेक्रेटरींच्या पत्नी. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. वरून दोन तांबे पाणी मारलं आणि भांडीवालीला म्हणाल्या, "दोनदा घासना इसको."

माझा गुन्हा एवढाच, की मी झाकण उचलून वास घेतला होता.

जयपूर, जवाहर नगरातला हॉल, मराठी मंडळाचा गणपती. त्या दुपारी मी प्रमुख पाहुणा. भाषणाचा विषय : 'फ्रान्समधला अमेरिकन'.

तसा मी इथलाच. बाबा बँकेत होते, नागपूरहून बदलून आले आणि मानसरोवरात कायमचे राहिले. मी अमेरिकेत गेलो, तिथला पासपोर्ट घेतला, मग कंपनीने उचलून फ्रान्समध्ये ल्योंला टाकलं. तिथे सहा वर्षं मी अमेरिकन म्हणून टोमणे खाल्ले. पहिल्याच आठवड्यात पावाच्या दुकानात शिरलो आणि बोट दाखवून म्हणालो, तो पाव द्या. दुकानवालीने माझ्यामागच्या तिघांना पाव दिला. मग मला सांगितलं, बाहेर जा, परत आत ये, आधी 'बोंझूर' म्हण. एवढा मोठा घोडा मी, गेलो, आलो, दारात उभा राहून बोंझूर म्हणालो. सगळं दुकान हसलं. ऑफिसात मोठ्याने बोलायचो, कॉम्प्युटरसमोर डबा खायचो. सहकारी नाक मुरडायचे, हा अमेरिकन. मला चक्क बरं वाटायचं. आयुष्यात पहिल्यांदा माझा अपमान माझ्या स्वतःच्या कर्तृत्वावर होत होता. मी सुधारलो की तो संपत होता.

सुधारलो. नको इतका सुधारलो. कुठल्याही खोलीत शिरलो की आधी सगळ्यांना नमस्कार. तिथल्या मित्रांकडे जेवायला गेलं की आधी स्वयंपाकघरात जायचं, भांड्यात डोकावायचं, वा म्हणायचं. नाही डोकावलं तर यजमान खट्टू.

तीच सवय घेऊन मी नैवेद्याच्या स्वयंपाकघरात गेलो. चपला बाहेर काढल्या होत्या, हेही सांगून ठेवतो. बायकांना नमस्कार केला, झाकण उचललं, म्हटलं, "काकू, वास काय सुटलाय."

मग काकू म्हणाल्या, "आता हे चालायचं नाही." आणि ओतलं.

मी गाढव. आधी वाटलं, सोवळ्याचा नियम असेल, सगळ्यांना सारखा. माफी मागायला तोंड उघडलंसुद्धा. आणि आठवलं. अर्ध्या तासापूर्वी खजिनदारांच्या जावयाने हेच झाकण उचललं होतं. मी दारातून पाहिलं होतं. तेव्हा याच काकू हसल्या होत्या, "जावईबापूंना धीर नाही."

आमची जात त्यांना माहीत होती. महार. आमच्या घरी निळ्या कोटातला फोटो आहे. काकू एकदा आल्या होत्या. त्या फोटोकडे बघून म्हणाल्या, चहा नको, आत्ताच घेतला.

आम्ही बौद्ध. गणपतीशी आमचा काय संबंध? आई तिथे जायची ती मराठीसाठी. वर्षभर भाजीवाल्या भैयाशी, शेजारणींशी हिंदी बोलून तिचा जीव कोंडायचा. या दहा दिवसांत ती पोटभर बोलून घ्यायची. बावीस वर्षं. आणि या बावीस वर्षांत तिच्याकडे काम एकच : सतरंज्या घालायच्या आणि पंगत उठली की उष्ट्या पत्रावळ्या उचलायच्या. मी म्हणायचो, आई फार कामसू आहे. एवढंच मला दिसायचं.

ती धावत आली. काकूंपुढे हात जोडले. "त्याला माहीत नाही जी. बाहेर राहते तो. मी माफी मागते."

मला शिसारी आली. काकूंची नंतर. आधी त्या वाक्याची. इतकं तयार होतं ते तिच्या तोंडात.

सेक्रेटरी काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "जाऊ द्या हो. मतलब, बायकांचं असतं काहीतरी. तुम्ही तो पाववालीचा किस्सा सांगा, लोक हसतील."

मी स्टेजवर गेलो. माईक घेतला. म्हणालो, "नमस्कार. मी महार आहे. मी झाकणाला हात लावला म्हणून वरण मोरीत गेलं. माझ्याआधी जावईबापूंनी लावला, तेव्हा गेलं नाही. आता तुमच्या पानात पडेल ते दुसरं वरण. जेवा."

माईक बंद झाला. जेवण सोडून एकही माणूस उठला नाही. पत्रावळ्या मांडल्या गेल्या.

रिक्षा मानसरोवरात शिरली. आई म्हणाली, "माझी बोलायची एकच जागा होती. घालवलीस."

खरं होतं.

दुसऱ्या दिवशी बाबांना सेक्रेटरींचा फोन आला. मुलाने चार ओळींचं माफीपत्र दिलं तर विषय संपेल, वहिनी पुढच्या वर्षी खुशाल येऊ देत. बाबांनी कागद आणि पेन माझ्यासमोर ठेवलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

मी लिहिलं. माफी तुम्ही मागायची. माझी नाही, माझ्या आईची. बावीस वर्षांची. माईकवर, त्याच माणसांसमोर. तोवर आमच्यातलं कुणी तिथे पाय ठेवणार नाही.

बाबांनी वाचलं. म्हणाले, "तोवर म्हणजे कधीच नाही."

"मग कधीच नाही," मी म्हटलं, आणि खाली सही केली. पूर्ण आडनावासकट.