पाव नव्हता, भाकर होती

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. अमरावतीत माझ्यासोबत पत्रकं वाटत हिंडणाऱ्या मित्रांना नाही, आईलासुद्धा नाही. सभेत मी तासभर बोलतो आणि आवाज कुठे अडत नाही — इथे अडतो आहे. अडू दे.

आधी एक गोष्ट साफ करतो. माझं मत बदललेलं नाही. माणूस आजारानं, भुकेनं लाचार झालेला असताना त्याचा धर्म बदलवणं मला तेव्हाही नीच वाटत होतं, आजही वाटतं. उद्याही तेच छापीन. पण ज्याचं मत खरं आहे तो खोटं बोलतच नाही असं थोडंच आहे? मी बोललो. फार नाही — एक शब्द.

माझ्या मामाचं गाव तेल्हाऱ्याकडे, खारपाणपट्ट्यात. जमीन काळीभोर, पण विहीर खणाल तिथे पाणी खारं. डाळ शिजत नाही, तहान भागत नाही. अमेरिकेत लढाई पेटली, विलायतेच्या गिरण्यांना आमच्या कापसाची गरज पडली, आणि गाव एकदम मातलं. मामा गावचा पाटील. त्याच्या बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या आल्या. वेचणीला लांबलांबून माणसं यायची. त्यांतली आजारी, म्हातारी, कुणाची टाकून दिलेली लेकरं मागेच राहायची. त्यांच्यासाठी तीन परदेशी जोगिणी आल्या. मामानं त्यांना गावाबाहेरचा तुकडा दिला — काही उगवत नव्हतं म्हणूनच दिला. त्यांनी कुडाची घरं बांधली, दारावर क्रूस लावला, विहीर खणवली. आणि त्या विहिरीला लागलं गोडं पाणी.

मग काय? सारं गाव घागरी घेऊन 'मायच्या मठात'. दोर आपला, घागर आपली, खणणारे हात आपल्याच गावचे, तर विटाळ कसला — असं मामानंच ठरवून टाकलं. तहानेपुढे शास्त्र नरम पडतं.

मी पत्रकं घेऊन पोचलो तेव्हा हे असं चाललं होतं. पारावर उभा राहिलो आणि सांगितलं, या बाया तुम्हाला बाटवणार. कोकणात विहिरीत पाव टाकून गावंच्या गावं बाटवली. एका म्हाताऱ्यानं शांतपणे विचारलं, "पाव म्हंजे काय बापा? पावशेर काय टाकतेत?"

पार हसला. पाव तिकडे कुणी पाहिलाच नव्हता. मी समजावलं — गोऱ्यांची भाकर, ताडी घालून फुगवलेली. तर दुसरा म्हणाला, "ताडी हाय तं आमच्याबी इहिरीत टाका म्हणा."

त्या हसण्यानं मी भाजलो. धर्माच्या काळजीनं भाजलो असं म्हणू का? नाही. मला हसले, म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी कासीवहिनीबरोबर मठात गेलो. कासीवहिनी म्हणजे मामाच्या मुलाची बायको. तान्हं पोर सासूकडे ठेवून पाण्याला निघालेली. विहिरीच्या काठावर एक म्हातारी जोगीण बसली होती, आतल्या कासवाला तुकडे टाकत. पाणी चांगलं राहावं म्हणून ते कासव गावानंच सोडलेलं. तुकडे ज्वारीच्या भाकरीचे. तिला भाकर थापायला वहिनीनंच शिकवलं होतं, आणि कडा अजून फाटतात म्हणून वहिनी तिची थट्टा करत होती. म्हातारीनं एक तुकडा माझ्यापुढे धरला. मी घेतला नाही, पण नीट पाहिला. ज्वारी मला ओळखू येत नाही? ज्वारीवरच वाढलो मी.

संध्याकाळी पारावर मी म्हणालो — त्या बाईला विहिरीत पाव टाकताना या डोळ्यांनी पाहिलं.

कुणी हसलं नाही. आणि, हेही सांगायला हवं, मला बरं वाटलं.

गावानं विहीर टाकली. पुन्हा खारं पाणी. जातीच्या पंचांनी प्रायश्चित्त नेमलं: पंचगव्य घ्यायचं, जातीला जेवण घालायचं. कापसाच्या त्या भरात जेवणावळ कुणाला जड होती? घरोघर उरकलं. एकट्या कासीवहिनीनं नाही म्हटलं. पंचगव्य घेतलं तर म्हातारीनं पाव टाकला हे कबूल केल्यासारखं होईल, म्हणाली. सासूनं रडून पाहिलं, मामानं ओरडून पाहिलं. नवरा बैल घेऊन शेतावर निघून गेला. शेवटी पंच बसले, आणि वहिनी दाराआड न राहता समोर आली.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुमी माह्या संगं होते. पाव होता का भाकर होती, तेवढं सांगा."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मामासुद्धा. त्याला सून घरात राहायला हवी होती. मी 'भाकर' म्हणालो असतो तर त्यानं माझ्या दोन थोबाडीत दिल्या असत्या आणि पंचांना वाटेला लावलं असतं. इतकंच झालं असतं. हे मला तेव्हाच कळत होतं. कळत नव्हतं असं लिहिणं सोपं आहे — पण कळत होतं.

"पाव होता," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली.

पंचांनी तिला वाळीत टाकलं. पोर सासूनं ठेवून घेतलं. वहिनी नेसत्या लुगड्यानिशी निघाली. जाणार कुठे? माहेरानं दार लावून घेतलं. मठाचं उघडं होतं. पुढच्या वेचणीच्या सुमारास तिनं त्यांचं पाणी डोक्यावर घेतलं, ख्रिस्ती झाली.

आणि मी काय केलं? पत्रक काढलं. 'पाटलाची सून बाटवली' — मथळा माझाच. शिळाछापाच्या प्रती अकोला, मूर्तिजापूर, पार बार्शीटाकळीपर्यंत गेल्या. माझं नाव झालं ते त्या पत्रकानं. तुम्हीही कदाचित वाचलं असेल, वाचून पेटला असाल. तिला जोगिणींनी बाटवलं नाही. मी बाटवलं.

लढाई संपली, कापूस पडला, गाव निवलं. वहिनीचं पोर आता धावतं. आजीला आई म्हणतं. तुझी आई मेली, असं त्याला सांगितलं आहे. मी गेलो की माझ्या मांडीवर येऊन बसतं. मी बसू देतो.

हा कागदही मी माझ्याच नावानं छापतो आहे. पहिली प्रत मामाला, दुसरी पंचांना. वहिनीला पाठवणार नाही. तिला ठाऊकच होतं.