ओर्व्हिलचा सोमवारचा फोन

अलाबामातल्या आमच्या गावचा न्हावी ओर्व्हिल दर सोमवारी रेडिओवरच्या फुटबॉलच्या कार्यक्रमाला फोन लावायचा आणि गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनं ताटकळायचं. कॉलेजचा जुना कोच जखमी पोरांना दुखणं दाबणारी इंजेक्शनं टोचून मैदानात उतरवायचा, असं पेपरात छापून आलं, तेव्हा तर ओर्व्हिल पेटलाच.

"पेपरवाले खोटारडे आहेत. माझा क्लेटन कोचच्याच हाताखाली खेळला. विचारा त्याला."

निवेदक चाचरत म्हणाला, "ओर्व्हिलकाका, क्लेटन दुसऱ्या लाइनवर आहे."

"बाबा," रेडिओतून आवाज आला, "पेपरला मीच सांगितलं."

दुकानात फक्त भिंतीवरच्या फोटोतला कोच हसत होता. क्लेटन पंचविशीच्या आतच लंगडायला लागला होता.

"गुडघा कसा आहे रे?" ओर्व्हिलनं पहिल्यांदाच विचारलं.