पहिली ट्यूब पडली ती तारीख

“पहिली कधी?”

कुणीही कसलंही गाऱ्हाणं घेऊन गेलं की काका आधी हे विचारत. सर्दी झाली म्हटलं की, “पहिली शिंक कधी?” दोघांचं भांडण त्यांच्यापुढे गेलं की, “पहिला शब्द कधी पडला? तारीख सांगा.” कानामागे खोचलेला काळा मार्कर काढायचे, टोपण दातांत धरायचे आणि उत्तराची वाट बघत उभे राहायचे. तारीख आठवेपर्यंत भांडण निम्मं विसरलेलं असे.

सगळे त्यांना काकाच म्हणायचे. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. मी ते एकदा चुकीच्या जागी टाइप केलंय. एकदा झालं तेवढं पुरे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात आमची कंपनी होती, इमारतींची देखभाल करणारी. करामातल्या जुन्या बिल्डिंगा, दुबईतली ऑफिसं, दोन हॉटेलं. मरीनाचे मनोरे तेव्हा अजून उभे राहायचे होते. या सगळ्या ठिकाणांहून गेलेल्या ट्यूबलाइट, संपलेल्या बॅटऱ्या, पाऱ्याची जुनी थर्मोस्टॅट्स आमच्या यार्डात यायची. यार्डाच्या टोकाला कुंपणाला लागून एक पत्र्याची शेड होती. तिथे हा माल जमायचा आणि तिथेच काका बसायचे. मूळचे ते वायरमन. शिडीवरून पडून गुडघा गेला, तेव्हा कंपनीने त्यांना शेड दिली. गाव राजापूरकडचं.

ट्यूबमध्ये पारा असतो, म्हणून ती कचऱ्यात फेकायची नाही. हे आज शाळेतली पोरंही सांगतील. तेव्हा आम्हाला हॉटेलच्या गोऱ्या साहेबाने पाठवलेली फाइल वाचून कळलं. फाइलमध्ये नियम होते. खोका कायम बंद हवा. फुटलेल्या ट्यूबचं पिंप वेगळं. प्रत्येक खोक्यावर तारीख हवी, आणि त्या तारखेपासून वर्षाच्या आत खोका यार्डाबाहेर गेला पाहिजे. किती आलं, कुठून आलं, किती गेलं, कुठे गेलं, सगळं रजिस्टरात. कागद तीन वर्षं जपायचे.

ही तारीख खोका भरल्याची नसते, बरं का. पहिली ट्यूब आत पडली त्या दिवसाची असते. यार्डातल्या कुणाच्याच हे डोक्यात शिरेना. काकांच्या ते एका वाचनात शिरलं आणि आयुष्यभरासाठी बसलं. आम्ही कामगार राहायचो त्या कॅम्पातल्या त्यांच्या फळीवर लोणच्याची बरणी होती, तिच्यावर उघडल्याची तारीख. साबणाच्या वेष्टनावर तारीख. चपलेच्या तळव्यालासुद्धा मार्करने तारीख घातलेली मी पाहिली आहे. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. आपण अशा माणसाला हसतो, आणि आपलं काही हरवलं की त्याच्याकडेच विचारायला जातो.

मी ऑफिसात टायपिस्ट होतो. वसईचा, अठ्ठावीस वर्षांचा, टाय लावणारा, त्यामुळे स्वतःला बराच मोठा समजणारा. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी शेडवर जायचं, काकांच्या रजिस्टरातले आकडे उतरवून आणायचे आणि रिपोर्ट टाइप करायचा, हे माझं काम. दोनशे पानी रजिस्टर. पानांचे आकडे त्यांनी स्वतः हाताने घातले होते, म्हणजे पान फाडलं तर कळावं. तीन रकाने आखलेले: काय, पहिली तारीख, बाहेर गेल्याची तारीख. अक्षर गोल, शाळामास्तरासारखं.

गाऱ्हाण्यापुरतं सोडलं तर शेडकडे दुसरं कुणी फिरकत नसे. पारा हवेतून अंगात शिरतो अशी कॅम्पात आवई होती. तो शिरला की मूल होत नाही, हेही कुणीतरी जोडून दिलं होतं. ज्यांची लग्नं ठरलेली होती ते तर यार्डाला वळसा घालून जायचे. कॅन्टीनमध्ये काका बाकावर टेकले की शेजारचे ताट घेऊन सरकायचे. कुणी उघड काही बोलत नसे, फक्त सरकत. मग काकांनी कॅन्टीन सोडलं. शेडच्या आत खायला बंदी, हाही नियमच. म्हणून ते दाराबाहेर पत्र्याच्या हातभर सावलीत क्रेट उलटा घालून जेवायचे, कुंपणाकडे तोंड करून. कुंपणापलीकडे वाळू आणि तिच्यात अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या.

“एकटं बरं वाटतं का हो?” मी एकदा आगाऊपणे विचारलं.

“सवय झाली.”

“कधीपासून?”

हसले. माझ्याकडे मार्कर रोखून म्हणाले, “साहेब, माझा प्रश्न मलाच होय?” पण तारीख सांगितली नाही. त्यांनी तारीख न सांगितलेली ही मला आठवणारी एकच वेळ.

एका गुरुवारी मला उशीर झाला आणि मी नेमका त्यांच्या जेवणाच्या वेळी पोचलो. डबा उघडा होता. वास आला आणि माझे पाय थांबले. सुक्या बोंबलाची चटणी! वसईच्या माणसाने त्यापुढे टायचा आब किती राखायचा?

“बसा साहेब,” ते म्हणाले. मग लगेच, “नको वाटत असेल तर ऱ्हाऊ दे. लोक घाबरतात.”

मी बसलो. शौर्य वगैरे काही नव्हतं, बोंबील होता. त्यांनी दुसरा क्रेट आतून आणला, फडक्याने पुसला, पुन्हा पुसला. जेवताना फार बोलले नाहीत. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या, त्यांच्या वाट्याच्या, हे मला संध्याकाळी कॅम्पाच्या वाटेवर सुचलं. त्यानंतर मी जवळजवळ रोजच तिकडे जेवायला जाऊ लागलो. कॅन्टीनवाले म्हणत, “टायपिस्ट गेला कामातून.”

शुक्रवारी सुट्टी. सकाळी आमच्या गल्लीतल्या फोन बूथवर रांग लागे आणि कितीतरी वेळा काका माझ्या पुढेच असत. गावात शेजाऱ्याकडे फोन होता. ठरल्या वेळी बायको मुलीला घेऊन तिथे येऊन बसायची. मुलगी ते इकडे असताना जन्मली होती. त्यांनी तिला पाहिलं ते दीड वर्षाने, रजेवर गेले तेव्हा. दोन महिने, आणि परत शेड.

बोलायला लागल्यावर मुलगीच फोन उचलून ओरडायची, “आई, दुबईवाल्यांचा फोन!” बूथबाहेर मलाही ऐकू यायचं. काका शारजात राहतात हे तिला कोण सांगणार, आणि ते तिचे बाबा आहेत हे फोनवरून तिला कसं कळणार?

“दात आला? वरचा की खालचा? कधी आला?” ती तान्ही असताना काका विचारायचे. “आज दिसला ते नको सांगू. पहिला कधी दिसला ते सांग.” पलीकडून बायको वैतागून काहीतरी बोले. काका खिशातून पेन काढायचे आणि तळहातावर लिहायचे. मला वाटायचं, फोनकार्डाचा नंबर लिहीत असतील. बाहेर आले की मूठ अर्धवट मिटलेली, घामाने शाई पुसू नये म्हणून.

माल नेणारी गाडी दुबईच्या एका ठेकेदाराची होती. एका वर्षी ती येईचना. आज येते, उद्या इन्शाल्ला, करत तीन महिने गेले. सदतीस खोक्यांचं वर्ष उलटलं. काका रोज ऑफिसात येऊन सांगत, आणि मॅनेजर रोज “देखेंगे” म्हणत. त्यातच हॉटेलकडून कळलं की सोमवारी ऑडिटर येणार.

मॅनेजरने काकांना बोलावलं. मी तिथेच टाइप करत होतो.

“नया स्टिकर लगाओ, नया डेट डालो, खलास.”

“रजिस्टर में पुराना है, साहब.”

“तो रजिस्टर भी नया बनाओ. यल्ला, दो दिन है.”

काका म्हणाले, “साहब, पहला जब गिरा, तब गिरा.”

ते गेल्यावर मॅनेजरने खुर्ची माझ्याकडे वळवली. सदतीस स्टिकर मी छापले. शुक्रवारी दोघा हेल्परांनी ते जुन्या स्टिकरांवर चिकटवले. महिन्याच्या रिपोर्टातही मी नव्याच तारखा घातल्या. मला कुणी धमकी दिली नव्हती. फक्त माझा व्हिसा त्या वर्षी नवा व्हायचा होता आणि मला ते आठवत होतं.

शनिवारी दुपारी मी जेवायला शेडवर गेलो नाही. काम आहे म्हणून निरोप पाठवला.

सोमवारी ऑडिटरने खोके पाहिले, मग रजिस्टर मागितलं. काकांनी दिलं, त्यात त्यांच्या गोल अक्षरात खऱ्या तारखा. खोके एक बोलत होते आणि रजिस्टर दुसरं. ऑडिटरने लेखी खुलासा मागितला. तो मॅनेजरने मला सांगितला आणि मी टाइप केला: नोंदी ठेवण्यात स्टोअरकीपरची चूक झाली आहे, त्याला कामावरून कमी केलं आहे. खाली काकांचं नाव घालायचं होतं. मी ते घातलं. स्पेलिंग तपासलं. बरोबर होतं.

दहा दिवसांनी काका रजिस्टर जमा करायला माझ्या टेबलाशी आले. तोपर्यंत व्हिसा रद्द झाला होता, दुसऱ्या दिवशीचं विमान होतं. मी मान वर करत नव्हतो.

“साहेब, स्टिकर तुम्हीच छापलेत ना?” आवाज नेहमीचाच. “ओळी सरळ होत्या. आपल्याकडे एकच प्रिंटर.”

माफी मागायला हवी होती. दोन हात अंतरावर माणूस उभा होता आणि मी स्टेपलर उघडत, मिटत बसलो.

“हे किती वर्षं ठेवणार?” त्यांनी रजिस्टराच्या मागच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवत विचारलं.

“तीन.”

“आणि मग?”

“मशीनमध्ये घालून बारीक करतात.”

“बरोबर. नियम आहे तो.” हात अजून पुठ्ठ्यावरच होता. मग उचलला. “पोच द्या.”

मी कागदावर लिहिलं: एक रजिस्टर, दोनशे पानं, मिळालं. सही केली. त्यांनी कागद वाचला आणि परत माझ्यापुढे सरकवला.

“तारीख राहिली, साहेब.”

मी तारीख घातली. कागदाची घडी खिशात ठेवून ते गुडघा सांभाळत जिना उतरले. त्यांचं माझं शेवटचं बोलणं ते एवढंच.

शेडवर नवा माणूस आला. तो आत बसूनच जेवायचा आणि तारखा महिन्याच्या शेवटी एकदम घालायचा. मी कॅन्टीनमध्ये परत गेलो. माझ्या शेजारून कुणी सरकत नव्हतं. पण इतक्या माणसांत बसून घास गिळायला इतका वेळ लागतो, हे मला तिथे कळलं. व्हिसा नवा झाला होता. कधीकधी मी डबा घेऊन कुंपणापर्यंत जायचो आणि नव्या माणसाने हाक मारायच्या आत परत फिरायचो.

तीन वर्षं झाली तेव्हा जुने कागद नष्ट करायचं काम माझ्याकडेच आलं. मशीनसमोर बसून मी काकांचं रजिस्टर उघडलं, ते मागून. पाठची पानं कोरीच असणार, ती आधी उरकावीत म्हणून.

शेवटचं पान कोरं नव्हतं. तेच तीन रकाने, तेच गोल अक्षर, पण मजकूर मराठीत. म्हणूनच ते कुणी वाचलं नव्हतं. दात, खालचा. पुढे तारीख. उभी राहिली, भिंतीला धरून. तारीख. पाऊल. तारीख. ‘आई’ म्हणाली. तारीख. शाळेत गेली, रडली नाही. तारीख. ‘बाबा’ म्हणाली, फोनवर. ही तारीख दोनदा गिरवलेली. तळहातावरून उतरवून घेतलेलं सगळं तिथे होतं. ज्या माणसाने नियमाचं एक अक्षर कधी मोडलं नाही, त्याने कंपनीच्या रजिस्टरात हा एकच स्वतःचा माल ठेवला होता. मी मागितला असता तर त्यांनी तो दाखवलाही असता. मी तीन वर्षं फक्त आकडे उतरवून नेले.

पानाच्या तळाशी, मुलीच्या नोंदींखाली, आणखी एक ओळ होती: ‘टायपिस्टसाहेब जेवायला बसले. दोन भाकऱ्या.’ पुढे तारीख.

तिसरा रकाना बाहेर गेल्याच्या तारखेचा. मुलीच्या नोंदींपुढे तो कोरा होता, तिथे काय लिहिणार? पण माझ्यापुढे लिहिता आलं असतं. स्टिकर कुणी छापले हे त्यांना माहीत होतं. पत्रात नाव कुणी घातलं हेही. रजिस्टर माझ्या हाती देण्याआधी त्यांच्याकडे दहा दिवस होते आणि कानामागे मार्कर होता. रकाना कोराच होता.

मी ते पान जपून फाडलं. बाकीची मशीनमध्ये घातली. फॉर्मवर रकाना होता, नष्ट केलेली पानं. मी सवयीने ‘दोनशे’ लिहायला घेतलं होतं. थांबलो. लिहिलं, ‘एकशे नव्व्याण्णव’. शेऱ्यात लिहिलं, ‘एक पान मी घेतलं आहे’. खाली सही केली आणि तारीख घातली.

पान मी त्यांच्या गावच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवलं. सोबत पत्र लिहिलं, त्यात माफी मागितली. पत्राला उत्तर आलं नाही. पोचपावती तेवढी परत आली. सही काकांची नव्हती. ते घरी होते की पुन्हा कुठल्या यार्डात, मला कधीच कळलं नाही. पेन घट्ट दाबून, ओळीबाहेर जात, मुलीने आपलं पूर्ण नाव लिहिलं होतं, मधे बापाचं नाव.

आणि खाली तारीख घातली होती.