कल्हई केलेलं पदक

"तोंड नका बघू, कड वाचा," असं म्हणत ते हातातली वस्तू उभी धरायचे. चष्मा कपाळावर सारायचा, वस्तू डोळ्यांशी न्यायची आणि अंगठ्याने हळूहळू फिरवायची. पदक असो, रुपया असो, एकदा तर माझ्या घरची भाकरीसुद्धा. "बाई, कडेला कच्ची आहे," म्हणाले आणि तीन खाल्ल्या.

मुलुंडच्या आमच्या चाळीत त्यांची खोली माझ्या शेजारची. मी शाळेत मास्तरीण, ते फोर्टातल्या एका कचेरीत कारकून. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. इंग्रजांच्या मोहिमांवर आपण होऊन नाव नोंदवून गेलेल्या आपल्याकडच्या माणसांची पदकं ते जमवायचे. कुठल्या जुन्या बाजारात, कुठल्या सराफाच्या मुशीत जाता जाता वाचलेली. पदकाच्या एका बाजूला राणी नाहीतर राजा, आणि कडेला मिळवणाऱ्याचं नाव आणि हुद्दा कोरलेला. ते नाव वहीत उतरवायचं, पलटणीच्या कचेऱ्यांना पत्रं घालायची आणि वर्ष वर्ष उत्तराची वाट बघायची. चाळ त्यांना बिल्लेवालेच म्हणायची.

स्वातंत्र्य अजून ताजं होतं. आमच्या चाळीच्या मंडळाचे चिटणीस त्यांना येता जाता टोचायचे, "काय हो, राणीची पिल्लावळ बरी आहे ना?" एरवी हा माणूस गायीसारखा गरीब, पण इथे भडकायचा. "राणी काय, सगळ्या पदकांवर आहे! कडेवरचा हा गणू विठू एकाच पदकावर आहे. त्याला मी टाकून देऊ?"

अशी एका वेडावर जगणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. लांबून ती गमतीची वाटतात. त्यांच्या वेडाची झळ दुसऱ्या कुणाला लागते, तेव्हा मात्र गंमत उरत नाही.

तळमजल्यावर परबकाका राहायचे. गिरणीतून निवृत्त झालेले, मालवणकडचे. बाप चीनच्या लढाईवर गेला होता, हवालदार होता, आपण हवालदाराचो झील, म्हणजे मुलगा, हे त्यांनी चाळीतल्या प्रत्येक पोराला निदान शंभरदा ऐकवलेलं. एका वर्षी सव्वीस जानेवारीला मंडळाच्या खोलीत लढवय्यांच्या तसबिरी लावायचं ठरलं आणि काका बापाचा फोटो घेऊन हजर. इंग्रजांच्या चाकराचा फोटो कशाला, म्हणून चिटणीस अडले. बराच वाद झाला. शेवटी ठरलं, की हत्यार धरणाराच लढवय्या, तेव्हा काकांचे वडील हवालदार होते असं बिल्लेवाल्यांनी लिहून दिलं तर फोटो लागेल.

आदल्या दिवशी दुपारी काका पदक घेऊन वर आले. कड वाचायला भिंग धरायचं म्हणून मलाही बोलावणं आलं.

"चांदीचा आसा," काका म्हणाले. "काळा पडाक लागला की माझी आय दर गणपतीक भांड्यांवांगडा कल्हई करून घेय."

बिल्लेवाल्यांचा अंगठा थांबला. चांदीला कल्हई कोण करतं? ती तांब्यापितळेला करतात. आणि त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं, की त्या काळच्या मोहिमांत बंदूकवाल्या शिपायाला चांदीचं पदक मिळे, बिनहत्यारी कामकऱ्याला काशाचं.

"काका, हे राहू द्यायचं का?" ते म्हणाले. "फोटो लावला काय, न लावला काय."

"माका वाचून दाखवा."

माझ्याकडून सुई घेऊन बिल्लेवाले कडेच्या अक्षरांत बसलेली कल्हई उकरू लागले. एकेक अक्षर उघडं पडत होतं. काकांना इंग्रजी येत नव्हतं, तरी ते माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. त्यांचा श्वास मला मानेवर लागत होता. नाव बरोबर निघालं. काका हसले. मग पुढचा शब्द निघाला आणि बिल्लेवाल्यांनी सुई खाली ठेवली.

"काय लिवलाहा?"

"डोलीवाला," ते म्हणाले. "जखमींना डोलीत घालून, खांद्यावरून माघारी आणणारा."

"म्हणजे हमाल?" काकांनी विचारलं. "माझो बापूस हमाल होतो?" मग एकदम हात जोडले. "भाऊनू, तुमी हवालदार लिवा. कोण वाचूक जाताहा?"

"मी वाचलंय ना, काका."

काका उठले. मला बिल्लेवाल्यांचा संताप आला. काका खाली गेल्यावर मी म्हटलं, "एक शब्द लिहिला असता तर तुमचं काय गेलं असतं? म्हाताऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं केलंत."

त्यांनी सुई पुसून मला परत दिली. "हवालदार लिहिलं, की हवालदाराचा फोटो लागेल, बाई. मग जो खरा चीनला गेला, त्याने कुठे जायचं?"

संध्याकाळी त्यांनी चिठ्ठी लिहिली, पण ती चिटणिसांना दिली नाही. काकांच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "द्यायची की फाडायची, तुम्ही ठरवा."

सकाळी झेंडा वर गेला. चिटणिसांनी विचारलं, "काका, चिठ्ठी?" बिल्लेवाले माझ्या शेजारी उभे होते, त्यांच्या कपाळावर जानेवारीत घाम. काकांनी कोटाच्या खिशात हात घातला. तो इतका वेळ बाहेर येईना, की मला वाटलं, फाडली असणार. मग त्यांनी ती काढून दिली.

चिटणिसांनी मोठ्याने वाचली. हा माणूस कुणाच्या जबरदस्तीने नव्हे, आपण होऊन गेला. त्याला हत्यार दिलं नव्हतं. गोळ्या चालू असताना पडलेल्यांना उचलून आणणं हे त्याचं काम. मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं, "हात्तिच्या, हमाल!" फोटो लागला नाही. काकांनी तो छातीशी धरला आणि खोलीचं दार लावून घेतलं.

त्यानंतर दोन वर्षं काका बिल्लेवाल्यांशी एक शब्द बोलले नाहीत. हे मात्र रोज कचेरीला जाताना त्यांच्या दाराशी थांबायचे. "काका, बरं आहे ना?" मग छत्री काखेत मारून चालू लागायचे. चुकलं, असं ते कधी म्हणाले नाहीत. पण त्या दोन वर्षांत त्यांनी एकही नवं पदक आणलं नाही. मीही त्यांना पूर्ण माफ केलं नव्हतं. आज त्याचं वाईट वाटतं.

एका रविवारी दुपारी वही उघडी ठेवून बिल्लेवाले गेले. जवळचं कुणी नव्हतं, चाळच सगळं करत होती. तिसऱ्या मजल्यावरून तिरडी न्यायची, जिना अरुंद, चार धडधाकट पोरं चिटणिसांनी निवडली होती. तेवढ्यात परबकाका कठड्याला धरून, धापा टाकत वर आले. समोरच्या पोराला त्यांनी कोपराने बाजूला केलं आणि दांड्याखाली खांदा दिला.

"काका, तुमच्याने नाही व्हायचं," चिटणीस म्हणाले. "जिना उतरायचाय."

"सरक रे," काका म्हणाले. "डोलीवाल्याचो झील आसंय मी."

चिटणीस सरकले.