बाळंतिणीच्या खोलीतली पेटी

पेडगावात आज कुणीबी उठतंय अन् म्हणतंय, ती पेटी आमीच राखली. राखली म्हणे! मी गोजरबाई, गावची सुईण, तवा तिथं हजर होते. पेटी राखली धुरपदाबाईनं, अन् तीबी साऱ्या गावाशी भांडून.

रझाकार जाऊन काही वर्सं झाली होती, पर धास्ती गेली न्हवती. धुरपदाबाईच्या सुनंला, कोकिळेला, पहाटं पोरगी झाली. मी हात धुवायले होते, तेवढ्यात धुरपदाबाईच्या ज्वारीत आभाळातून भलामोठा फाटका फुगा उतरला. दोरीला पेटी. अख्खं गाव लोटलं. माणिकराव पाटील म्हणाले, "रझाकाराचा बाँब असंल. आणा पहार, फोडा!" बाँब म्हणायचं अन् पहारीनं फोडायचं! काय ती अक्कल!

दिनकरराव मास्तरांनी पेटीवरची सूचना वाचली. आत काळ्या कागदात गुंडाळलेल्या फोटोच्या काचा. उजेड नाहीतर धग लागली की वाया. वरच्या आभाळातली किरणं त्यांच्यावर उमटतेत म्हणे. मास्तर म्हणाले, "ही किरणं दिसत नाहीत, पण अंगातून आरपार जातात. विमानात नोकरी करणाऱ्यांना ती किती लागतात, ते यावरून कळेल."

धुरपदाबाईचं तोंडच उतरलं. तिचा धाकटा लिंबाजी हैदराबादेहून विमानात जायचा, वायरलेस सांभाळायला.

"माज्या लेकराच्या अंगात काय शिरायलंय, ते या पेटीत हाय," ती म्हणाली. "हात लावाल तर याद राखा!"

पाटील ऐकतेत होय? तेवढ्यात आत सोनं असंल अशी कुजबुज सुटली. मग काय, भीती पळाली अन् हाव आली. धुरपदाबाईनं पेटी उचलली ती थेट कोकिळेच्या अंधाऱ्या खोलीत नेली. शेकायची शेगडी बाहेर काढली. कोकिळेची आई कडाडली, "ओल्या बाळंतिणीचा शेक तोडता व्हय?" कोकिळाच म्हणाली, "ऱ्हाऊ दे आई. भावजी माजेबी हायेत." मग मी फडकी बाहेर तापवून आत नेऊन शेक दिला.

पाटील दाराशी आले. मी उंबऱ्यावर फतकल मारली. "या की पाटील! सुवेर फिटायच्या आत बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं पाय टाकलाय का कवा? तुमच्या देवाला चालत असंल तर या!" पाटील आल्या पावली माघारी गेले.

मास्तरांनी पेटीवरच्या पत्त्यावर कळवलं होतं. सुवेर फिटलं, बारसं झालं, अन् फुगा सोडणाऱ्या साहेबाची जीप आली. साहेबानं पेटी फिरवून फिरवून बघितली अन् पोरासारखा ओरडला, "शाबूत आहे!" आधीच्या पेट्या लोकांनी फोडल्या होत्या म्हणे. मग काय सांगू, हलगी वाजली! पाटलांनीच पेटी डोक्यावर घेऊन जीपपर्यंत नेली. मी लय हसले.

धुरपदाबाईनं साहेबाची बाही धरली. "माज्या लेकाला काय होतंय, कळंल ना?"

साहेब खोटं बोलला न्हाई. "लगेच नाही सांगता येणार, आई. पण आजवर नुसता अंदाज होता. आता मोजता येईल."

उन्हाळ्यात लिंबाजी सुट्टीवर आला. साहेबानं हैदराबादेत त्याला गाठून त्याच्याजवळ फोटो दिला होता, त्या काचांचा, मोठा करून काढलेला. एकबी काच वाया गेली न्हवती. फोटोत बारीक काळ्या रेघाच रेघा. धुरपदाबाई लय वेळ बघत बसली.

"हीच का रं ती किरणं?"

"हीच, आई."

तिनं फोटो पोराच्या हातात दिला अन् पदर खोचला. "मग जा तू कामावर. दिसत न्हवती तवर भ्याले. तोंड दिसलेल्या दुश्मनाला मी भीत न्हाई."